उठल्यावर म्हणायचं, उठू नका

माझ्या पाठीत काय तरी बिघडलंय हे मला पयल्यांदा चपलेनं सांगितलं. आमच्या नेरे गावात घरापासनं किराणा दुकान हाकेच्या अंतरावर हाय. तितं गेले, साबण मागितला, तर दुकानदार माझ्या पायाकडं बघून म्हणतो, "मावशी, एका पायात चप्पल हाय, दुसरी कुटं ठेवली?" खाली बघितलं तर डावा पाय मोकळा. चप्पल मागं रस्त्यात पडली हुती आन पायाला त्याची खबरच न्हाई.

मंग हळूहळू पाय जड व्हाया लागलं. भुई कापसाची झाल्यागत वाटायची. छातीच्या खाली कुणी दावं आवळून बांधलंय असं वाटायचं. आता हे सांगायचं कुणाला? आमच्या गावात मणक्याला एकच रोग हुतो, गॅप. तुमी पाठ दुखती म्हणा, गॅप. पाय दुखतो म्हणा, गॅप. ज्याला इचारावं त्याच्या घरात एकाला तरी गॅप असतोच आन त्यो एका मालिशवाल्याकडनं बरा झालेला असतो. मलाबी नेली. त्यानं पालथी झोपवली, पाठीत गुडघा घातला आन म्हणला, "गॅप हाय." म्हणलं, आता तू म्हणला म्हणजे शिक्का बसला. कमरंला पट्टा दिला. त्यो पट्टा घालून मी शेण काढताना दोनदा पडले, आन मंग एक दिवस लघवीच हुईना. तवा कुटं पोराला वाटलं की आईला पुण्याला न्यावी.

पुण्याच्या दवाखान्यात मला नळकांड्यात घातली. आत लई खडखडाट. बाहेर आल्यावर डाक्टरनं पोराला काळं फोटू दावलं. डाक्टर तरणाच हुता, चष्मेवाला, पर बोलायचा माझ्याशी. पोराशी बोलून माझ्याकडं नुसतं हसायचं, असं त्याचं न्हवतं.

"आजी, मणक्याच्या आत एक गाठ आहे. गाठ साधी आहे, वाईट जातीची दिसत नाही. पण जागा वाईट आहे. तिनं आतली दोरी दाबून धरलीय."

म्हणलं, आमच्या मुळशीत ह्याच्या उलटं हाय, जागा बरी आन माणसं वाईट.

त्यो हसला. मंग म्हणला, "काढावी लागेल. काढली की पाय येतील, बहुतेक. पण खात्री मी देत नाही. तुम्हाला काय पाहिजे, ते सांगा."

म्हणलं, "मला माझ्या पायानं संडासला जायचंय. कुणी धरायचं न्हाई, कुणी नळी लावायची न्हाई. येवढं करा, बाकी तुमचं तुमी बघा."

पोरानं मान खाली घातली. पाच-सहा माणसं बसली हुती तितं. त्याला वाटलं असंल आईनं म्हणावं, नातवाचं लगीन बघू द्या. नातवाचं लगीन पडून बी बघता येतंय. संडासला पडून जाता येत न्हाई.

आपरेशन झालं. मला कायच कळलं न्हाई, ते बरं झालं. शुद्धीत आले तवा तोंड वाळल्यालं, पाठीवर पाटा ठेवल्यागत पट्टी, आन खाली लघवीची नळी. डाक्टर आला. पायावरची चादर वर केली आन म्हणला, "आजी, अंगठा हलवा." उजवा हलला. लगेच. "आता डावा." डाव्याला म्या सांगितलं, हल. त्यानं जरा इचार केला. मंग झोपल्यालं पोर डोळा उघडून परत मिटतं तसं जरासं हलल्यागत केलं आन थांबला. पर डाक्टर खूश. "येणार! वेळ लागेल, पण येणार." म्या त्या अंगठ्याकडं बघतच ऱ्हायले. सुनेला म्हणलं, बघितलंस का? ती म्हणली, "व्हय आत्या, बघितलं," आन डोळं पुसाया लागली. म्हणलं, रडायचं काय त्यात, अंगठा हाय, हललाय.

घरी सोडताना डाक्टरनं लघवीची नळी तशीच ठेवली आन सगळं सांगितलं. पडून ऱ्हायचं. जेवणापुरतं टेकून बसायचं, तेबी थोडाच वेळ. वाकायचं न्हाई. पट्टीतनं पाण्यासारखं काय आलं, डोकं दुखलं, ताप आला, तर लगेच आणायचं. पोरगा म्हणला, हां. हां. हां. तीन हां झालं आन आमी गाडीत बसलो.

घरी आले तर माझी खाट पुढच्या खोलीत. दाराच्या समोरच, पाय दाराकडं. म्हणलं, आत टाका की, माझ्या खोलीत. पोरगा म्हणला, "आई, लोकं येतील बघायला. आत कशी बसतील?" म्हणजे आजारी मी, आन जागा लोकांच्या सोईची. मला देवासारखी दर्शनाला ठेवली. फरक येवढाच, देवाला नारळ द्यायचा असतो आन तिथनं निघायचं असतं. हितं नारळ देऊन बसायचं असतं.

लोकं आली. काय आली! बिस्किटाचं पुडं इतकं साचलं की सुनेनं वरच्या भाडेकरूंना वाटलं. आमच्या वरच्या खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी पोरं-पोरी ऱ्हात्यात. लातूरकडचं एक नवरा-बायकोचं जोडपं तर बरोबर माझ्या डोक्यावर ऱ्हातंय. त्येंनी माझ्या पोराच्या फोनवर फुलाचं चित्र धाडलं, लवकर बऱ्या व्हा. जिना उतरून आली न्हाईत. तवा मला राग आला. पुढं कळलं की सगळ्यात शानी माणसं तीच.

आता थोरल्या दिरांचं सांगते. माझ्या नवऱ्याचं थोरलं भाऊ. नवरा जाऊन लई वर्सं झाली, तवापासनं घरात वडीलधारं तेच. जमीन इकल्यापासनं पांढरीशिप्पत कापडं घालत्यात, बोटात अंगठी, आन दिवसभर काम म्हणशील तर सकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसायचं आन संध्याकाळी आमच्याकडं. माणूस वाईट न्हाई. पर त्येंची एक रीत हाय. रीत त्येंची एकट्याची न्हाई, आमच्याकडं सगळ्या वडीलधाऱ्या पुरुषांची हाय. घरात शिरायच्या आधी दाराबाहेर खाकरायचं. खाकरलं की आतल्या बायांनी समजायचं. उठायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, बाजूला व्हायचं. मंग ते आत येणार. मी लगीन हून ह्या घरात आले तवापासनं त्येंच्या म्होरं कधी खाटंवर बसले न्हाई. पाय पसरून पडायचं तर सोडाच. बाळंतपणात बी त्येंचं खाकरणं ऐकून उठून बसलीया.

तर संध्याकाळ झाली की बाहेर खाकरणं. "अ्हं. अ्हं."

मंग आतली धावपळ बघा. सून हातातलं पीठ झटकत पळत येणार. मला कुशीवर करणार, काखंत हात घालून उठवणार. पाय खाली सोडणार, कारण पाय दाराकडं, म्हणजे दिरांच्या तोंडाकडं. मी खाटंची कड धरून दात आवळून बसणार. डोक्यावर पदर. सगळं झालं की सून म्हणणार, "या, मामा."

मंग ते आत येणार आन म्हणणार, "अगं, उठू नगा, उठू नगा! पडा, पडा! आजारी माणसानं कशाला उठायचं?"

रोज हेच. उठू नका म्हणायचं, ते उठल्यावर. आन एकदा बसल्यावर त्येंच्या देखत आडवं कसं व्हायचं? ते काय सून करू देणार न्हाई, आन माझंबी अंग व्हायचं न्हाई. मंग ते खुर्ची वढून बसणार. चा येणार. त्येंचं चा पिणं म्हणजे बशीत वतायचा, फुंकायचा, सुस्कारा सोडायचा, आन मधी मधी गोष्टी सांगायच्या. गोष्टी तरी कसल्या?

"सूसला माझा एक व्याही हाय, त्याच्या भावाचं मणक्याचं आपरेशन झालं. आता पडूनच हाय."

"व्हय का."

"आन कासार आंबोलीला एक बाई. तिचं बी मणक्याचंच. तिची तर वाचाच गेली."

म्हणलं, "भावजी, मणक्यात वाचा कुटं असती?"

"डाक्टर लोकांचं काय सांगावं," म्हणालं, आन परत बशी फुंकली.

वाचा गेली असंल बाईची. असा दीर रोज येऊन बसत असंल तिच्याबी घरी.

थोड्या दिवसांत डोकं दुखाया लागलं. साधं न्हाई. उठून बसलं की डोकं फुटल्यागत, मानंतनं कळ, डोळ्यापुढं काजवं. परत आडवं झालं की गेलं. उठलं की आलं, पडलं की गेलं. म्या सुनेला सांगितलं. सुनेनं माझ्या जावंला सांगितलं, म्हणजे दिरांच्या बायकोला. ही माझी थोरली जाऊ. हिला सगळ्या जगाचं कळतंय.

"नजर लागली हो," जाऊ म्हणली. "येवढी माणसं येत्यात बघायला. एकाची तरी लागणारच."

म्हणलं, "मंग माणसं बंद करा."

"अगं बया, माणसं कशी बंद करायची? नजर काढायची."

आता नजर काढायची तर पडून काढता येत न्हाई. पाटावर बसायचं, तोंड उगवतीला. मला परत उठवली. चटईवर पाट, पाटावर मी, मागनं सून धरून. जाऊ मीठ-मिरच्या मुठीत धरून माझ्यावरनं ववाळतीया आन पुटपुटतीया, आल्या-गेल्याची, भुता-खेताची, पापी डोळ्याची. माझं डोकं इतकं फुटाया लागलं की म्या डोळं मिटून घेतलं. जाऊ म्हणली, "बघ, बघ, कशी तळमळती. नजर सोडती हाय."

मंग मिरच्या जाळायच्या. पयल्यांदा चुलीत टाकायच्या, आता चूल कुटं? गॅसवर तवा ठेवून त्यात टाकल्या. ठसका लागला न्हाई तर नजर हुती, असं असतंय. धूर खिडकीतनं बाहेर गेला आन सरळ वर. वरची लातूरकडची पोरगी इतकी खोकली की तिच्या नवऱ्यानं वरनं हाक मारली, "काकू, काही जळतंय का?" सून म्हणली, "आत्याबाय, वर ठसका लागला की." जाऊ म्हणली, "वर लागू दे. आपल्याला लागला का? न्हाई ना? बघ किती मोठी नजर!"

त्याच संध्याकाळी माझी चोळी पाठीवर वली दिसली. जाऊ म्हणली, घाम. सुनेनं चोळी काढून नाकाला लावली. माझी सून बोलायला मऊ हाय पर कापडं तीच धुती.

"आत्या, घामाला वास असतोय. ह्याला कसलाच वास न्हाई. नुसतं पाणी हाय."

"नळीचं असंल," जाऊ म्हणली.

"नळी खाली हाय. पाठीवर कशी जाईल?"

सुनेनं पोराला सांगितलं. पोरगा म्हणला, उद्या बघू, आज गर्दी हाय रस्त्याला. त्याचंबी चुकलं न्हाई, हिंजवडी सुटायच्या वक्ताला नेऱ्यातनं बाहेर पडायचं म्हणजे ज्याला वेळच वेळ हाय त्यानं पडावं. पर उजाडलं तवा मला ताप. मान ताठ. हनुवटी छातीला टेकंना. अंथरूण वलं. तवा मातुर सून बोलली, आन जरा मोठ्यानं बोलली. "डाक्टरनं पाणी म्हणलं हुतं! तुमी हां म्हणला हुता!" पोरगा गाडी काढाया गेला.

डाक्टरनं पट्टी काढून बघितली आन त्याचं तोंड बदललं.

"किती दिवस झाले हे? बसत होत्या का या?"

सुनेनं मान डोलावली, व्हय.

"कोणी बसवलं यांना?"

पोरगा म्हणला, "लोक येतात ना, डाक्टर. भेटायला."

"लोक येतात तर लोकांनी बसावं. यांना कशाला बसवता?"

पुण्यात शिकल्यालं माणूस. त्याला काय सांगायचं की आमच्यात दीर खाकरलं की मढं बी पदर घेऊन उठतंय.

मंग त्यानं मला समजावलं. आतल्या दोरीच्या भोवती पिशवी असती, पिशवीत पाणी असतं. गाठ काढाया ती पिशवी उघडली आन परत शिवली. मी बसले की वरच्या पाण्याचा सगळा भार त्या शिवणीवर यायचा. पाणी झिरपायचं. डोक्याकडचं पाणी कमी पडायचं, म्हणून डोकं दुखायचं. मला लगेच कळलं. आमच्या गच्चीवर भाडेकरूंची टाकी हाय. प्लंबर नवा सांधा करून गेला की सांगतो, वला हाय तवर पाणी सोडू नका. आन कुणीतरी शाना हात धुवाया नळ सोडतोच.

परत आत नेली. परत उघडली, परत शिवली. कमरंतनं एक बारकी नळी काढून ठेवली, पाणी तिकडनं जायला. आन मला सपाट झोपवली. उशी बी न्हाई. सपाट म्हणजे सपाट. जेवण पडून, पाणी पडून, वेणी पडून. छताला एक डाग हुता, रोज त्याच्याकडंच बघायचं. हाताला सुया टोचून टोचून जागा ऱ्हायली न्हाई. ताप जायचा आन परत यायचा. आत जंतू शिरलं हुतं म्हणं. म्हणलं, जंतू शिरताना खाकरलं न्हाईत वाटतं. नर्सला काय कळलं न्हाई, ती उगाच हसली.

ताप उतरल्यावर डाक्टरनं परत चादर वर केली.

"आजी, अंगठा हलवा."

उजवा हलला.

"डावा."

म्या सांगितलं, हल. परत सांगितलं. लई जोर लावला, कपाळाला घाम आला. अंगठा तसाच. लाकडाचा कुणी आणून लावलाय असा. डाक्टर बी वाट बघत हुता. त्यानं बोटानं टोचलं, इचारलं, कळतंय का? म्हणलं, कुटं टोचताय तेच कळत न्हाई.

मी इचारलं, "उठून बसले, म्हणून गेला का ह्यो?"

त्यानं खुर्ची जवळ घेतली. "खरं सांगू? मला माहीत नाही. गाठीनं आधीच दोरी खूप दाबली होती. कदाचित तसाही आला नसता. कदाचित आला असता."

खरं बोलला. म्हणून त्याच्यावर राग धरता येईना. राग मंग मी घरी घेऊन आले.

घरी खाट तितंच, पुढच्या खोलीत. पाय दाराकडं. म्या सुनेला म्हणलं, आता हलवू नगो, हितंच ऱ्हाऊ दे. आन संध्याकाळ झाली.

"अ्हं."

सून पीठ झटकत पळत आली. म्हणलं, "तू जा आत."

"आत्या, मामा आल्यात."

"कळलं मला. जा."

"अ्हं. अ्हं." बाहेरनं परत. म्या पदर डोक्यावर वढला, पडल्या पडल्या. तेवढं केलं. बाकी हलले न्हाई.

"अ्हं!"

म्हणलं, "भावजी, या आत. मी पडलीया आन पडूनच ऱ्हाणार हाय. उठायची न्हाई."

मंग चपला वाजल्या, लांब जाताना.

उजाडायची खोटी, जाऊ हजर.

"काय गं, दिरासमोर पाय पसरून पडतीस म्हणं? सारी भावकी बोलाया लागली."

"भावकीला म्हणावं, डाक्टरनं सांगितलंय."

"डाक्टर काय आपल्या भावकीतला हाय?"

"न्हाई. म्हणून तर नीट सांगितलं."

"अगं, पर माणसाला मान नगो का?"

"मान दिला की. डावा पाय दिला मानात. आता उजवा बी मागायला आलीस का?"

जावंनं माझ्या डाव्या पायाकडं बघितलं. मंग चादर नीट केली माझी, आन तशीच गेली. मला वाईट वाटलं जरासं. पर जरासंच.

दीर लई दिवस आलं न्हाईत. पोराला वाटाया लागलं की आता वाकडं आलं. मंग एक दिवस संध्याकाळी दारात सावली पडली. खाकरणं न्हाई. म्या मान वळवून बघते तर थोरलं दीर आत येत्यात, भिंतीकडं तोंड करून, आडवं आडवं, खेकड्यागत. खुर्ची वढली, फिरवली, आन माझ्याकडं पाठ करून बसलं, तोंड रस्त्याकडं. सुनेनं चा दिला. त्येंनी बशीत वतला, फुंकला. रस्त्याकडं बघत म्हणालं, "बरं हाय का?"

म्हणलं, "बरं हाय."

"डावा?"

"डावा न्हाई आला."

"येईल का?"

"बघायचं."

मंग ते बशी हातात तशीच धरून बसलं. चा गार झाला त्येंचा, साय धरली त्यावर. चुकलं म्हणालं न्हाईत. आमच्यातली माणसं ते म्हणत न्हाईत, त्येंच्याकडं तो शब्दच न्हाई. पर सूसच्या व्याह्याच्या भावाची गोष्ट मातुर परत काढली न्हाई. आजबी येत्यात. आजबी पाठ करून बसत्यात. आमचं बोलणं लई चांगलं चालतं असं. इतक्या वर्सांत झालं न्हवतं तेवढं बोलणं त्येंच्या पाठीशी झालं.

मंग टाकं सुकलं, आन व्यायामवाली पोरगी यायला लागली. शहरातली पोरगी, टाळ्या वाजवायची. "छान आजी! शाब्बास आजी! अजून एक पाऊल!" माझ्या नातवाला पावलं टाकायला शिकवताना आमी अशाच टाळ्या वाजवल्या हुत्या. पर नातू निदान पडल्यावर कडंवर घ्यायला हलका हुता. तिनं मला उभी केली तवा दोन बाजूला दोन माणसं आन म्होरं लोखंडी घोडा, वाकर म्हणत्यात त्याला. उजवा पाय शाना निघाला. डावा जावयासारखा. आधी त्याला मान द्यायचा, मंग हातानं धरून आणायचा, आणल्यावर बी तोंड वाकडं. पाऊल खाली लोंबायचं, म्हणून प्लास्टिकची एक पट्टी दिली बुटात घालायला. लुगड्याखाली बूट. जाऊ म्हणली, पोलिसासारखी दिसती. म्हणलं, मंग लांबनं बोल.

लघवीची नळी काढाया दवाखान्यात नेली तवा मातुर मी भ्याले. डाक्टर म्हणला, काढून बघू, आपोआप झाली तर ठीक, न्हाई तर परत घालावी लागंल. मला तांब्यावर तांब्या पाणी पाजलं. बसवली. नर्सनं मोरीतला नळ सोडून ठेवला, आवाज ऐकून व्हावी म्हणून. पोरगा बाहेर, सून दारात. कायबी हुईना. नळ वाहतोय आपला. नर्स म्हणली, "आजी, मनावर ताण घेऊ नका." म्हणलं, तू बाहेर जा, तुझ्यासमोर हुणार न्हाई. ती गेली. सुनेलाबी घालवली. आन मंग झाली. थोडी, थांबून थांबून, पर माझी मी. बाहेर सून नर्सला इचारतीया, "झाली का हो? झाली का?" जसं काय कुणाच्या घरी बाळ होतंय. पोराला नोकरी लागली तवा मला इतका आनंद झाला न्हवता, आन हे त्याला म्या सांगितलं सुद्धा. त्यो परत खाली बघाया लागला.

शेवटच्या खेपंला डाक्टरनं चालून दावाया लावलं. मी घोडा धरून गेले, आले. त्यानं परत काळा फोटू बघितला. गाठ सगळी गेलीय म्हणला, परत येते का ते वर्साला एकदा बघायचं. आन मंग चष्मा काढून म्हणला, "आजी, डावा पाय आता एवढाच. याच्यापेक्षा फार काही होणार नाही. चालाल तुम्ही, पण घोडा सुटणार नाही. लघवीची घाई राहील. आली की थांबता येणार नाही, आधीच जात जा."

म्हणलं, ठीक हाय. तुमच्याकडं म्या जे मागितलं ते दिलं तुमी. थोडं लंगडं दिलं, पर दिलं.

संडास आमचा घराच्या मागं हाय. पोरानं माझ्यासाठी तितं सगळं केलं. पायरी काढली, उतार केला, भिंतीला लोखंडी दांडा बसवला, खुर्चीसारखं भांडं बसवलं. मी पयल्यांदा एकटी गेले, घोडा टाकत टाकत. घाई हुती, पर पोचले. आत शिरून दार लावलं आन हात वर केला, कडी लावाया. कडी न्हाई. जागेवर नुसती दोन भोकं.

बाहेर येऊन पोराला इचारलं, "कडी कुटं गेली?"

"काढली म्या," पोरगा म्हणला. "तू आत पडलीस तर? आमाला येता यायला नगो का?"

"कडी लाव."

"आई, सगळ्यांनी सांगितलंय. काका बी म्हणालं, कडी नगो."

"काकांनी माझ्या संडासात लक्ष घालायचं न्हाई. त्येंना सांग, आपलं रस्त्याकडं बघावं. कडी लाव."

"आगं, ऐक की—"

"दवाखान्यात सगळ्या जगानं माझी चादर वर करून बघितली. घरात खाट दारात टाकली, तवा सारं गाव बघून गेलं. आता येवढी एक जागा ऱ्हायली हाय, तितं मी एकटी बसणार. कडी लाव, न्हाई तर मी घोडा घेऊन किराणा दुकानात जाते आन माझी मी आणते."

पोरगा हटून बसला. सून मातुर काय न बोलता उठली, वरच्या लातूरकडच्या पोराला पान्यासकट घेऊन आली. दोघांनी मिळून कडी परत बसवली. माझ्या हाताला येईल अशी, जरा खाली. ते पोरगं पयल्यांदाच जिना उतरून माझ्यासमोर आलं. मला नमस्कार केला आन लगेच पळालं. शानं हाय.

मी परत आत गेले तर सून मागनं येऊन कडी लावून बघत हुती, वढून बघत हुती. म्हणली, "आत्या, लावली खरी. पर खरंच आत पडलात तर?"

म्हणलं, "पडले तर दार फोडा. फायबरचं तर हाय."

आन तिला बाहेर काढून कडी लावली.